बादगीर : एक संज्ञा, दोन रचना

बर्नार्ड रुडॉफ्स्की यांचा ‘आर्किटेक्चर विदाउट आर्किटेक्ट्स’ हा ग्रंथ १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनानिमित्त प्रसिद्ध झाला. अनामिक कारागिरांच्या वास्तुरचनेस प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय त्यास निःसंशय द्यावयास हवे. परंतु सिंधमधील हैदराबादच्या घरांवरील वारा घेणाऱ्या रचनांना ग्रंथकर्त्याने ‘बादगीर’ हे फारसी नाव दिले आहे. त्यांचे सिंधी नाव ‘मंघ’ असे आहे. हा भेद केवळ नावापुरता नाही.

मंघाचे तोंड एकाच दिशेस कायमचे वळविलेले असते, कारण उन्हाळ्यातील वारा तेथे एकाच दिशेने वाहतो. ग्रंथातील आकड्यांनुसार एप्रिल ते जून या काळात १२० अंश फॅरनहाइटच्या वर जाणारे तापमान दुपारच्या वाऱ्यामुळे ९५ अंशांपर्यंत उतरते. म्हणजे वारा मुळातच सुखद असतो; तो खोलीपर्यंत पोहोचविणे एवढेच मंघाचे कार्य होय.

इराणमधील यझ्द येथील स्थिती निराळी आहे. तेथे भर दुपारचा वारा स्वतःच तापलेला असतो. मेहदी बहादोरी यांनी १९७८ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये या मनोऱ्यांचे कार्य विशद केले. रात्री वारा पडला असता मनोऱ्याच्या दिवसा तापलेल्या भिंतींमुळे आतील हवा वर चढते, आणि तिच्या जागी दारेखिडक्यांतून थंड हवा घरात येते. पहाटेपर्यंत भिंती निवतात. मग दिवसा बाहेरील हवा त्यांच्या स्पर्शाने थंड व जड होऊन खाली उतरते. येथे शीतलतेचा साठा भिंतींत आहे, वाऱ्यात नाही.

‘बाद’ हा संस्कृत ‘वात’चा सगोत्र शब्द आहे, ‘गीर’ म्हणजे पकडणारा, जसा ‘जहांगीर’मध्ये. अर्थात ही संज्ञा यझ्दच्या मनोऱ्याचे निम्मेच कार्य सांगते. निवांत रात्री तो वारा पकडीत नाही, हवा बाहेर सोडतो. त्या मानाने ‘वातायन’ ही वाऱ्याची वाट सुचविणारी संज्ञा अधिक निर्दोष ठरते, कारण वाट येण्याची तशीच जाण्याचीही असते.

रुडॉफ्स्की यांच्या पद्धतीतील उणीव येथेच आहे. छायाचित्र आकार दाखविते, प्रक्रिया दाखवीत नाही; आणि एकाच नावाखाली दोन आकार आले की त्यांमागील दोन तत्त्वेही एकच भासू लागतात. सिंधच्या वाऱ्यासाठी घडलेला मंघ नागपूरच्या घरावर बसविला, तर मे महिन्याच्या दुपारी तो घरात झळाच आणील. तेव्हा दोष परंपरेचा नव्हे, तिच्या अपुऱ्या वाचनाचा असेल.