मोडलेली गाडी, घडवलेली गाडी : कॅफे रेसरची समीक्षा



या मालिकेत आपण कविता घेतली, चित्र घेतलं, देवळाचं शिल्प घेतलं. आज मोटारसायकल घेऊ या. हसू नका. संध्याकाळी फुटाळ्यावर चक्कर मारा, एखादी तरी अशी गाडी दिसेलच : हँडल खाली गेलेलं, टाकी लांबट, मागे एकाच माणसापुरती सीट आणि चालवणारा टाकीवर ओणवा. याला कॅफे रेसर म्हणतात. यातल्या काही गाड्या ठोकलेल्या, कबाड्याकडे पडलेल्या गाड्यांमधून उभ्या राहिलेल्या असतात. त्या उभ्या करणारी मुलं म्हणतात, सर, ही कला आहे. ठीक आहे. कला म्हणता ना, मग समीक्षा ऐकायची तयारी ठेवा.

आधी थोडा इतिहास. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे नावाचं ठिकाण १९३८ साली सुरू झालं. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथे तरुण कामगार पोरं जमायची आणि एका कॅफेपासून दुसऱ्यापर्यंत शर्यत लावायची. ताशी शंभर मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, हा वेग गाठणं हे त्यांचं स्वप्न. शर्यतीची गाडी विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी आपल्याच गाडीतून नको ते काढून टाकलं. वारा अडू नये म्हणून हँडल खाली घेतलं, वाकून बसता यावं म्हणून पायदान मागे नेलं. नॉर्टनची चेसिस चांगली आणि ट्रायम्फचं इंजिन चांगलं, मग दोन्ही जोडून 'ट्रायटन' केली. लक्षात घ्या, तिथे प्रत्येक आकाराला कारण होतं. रूप मागाहून आलं, गरज आधी होती.

आज हे रूप तयार विकत मिळतं. रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेंटल जीटी २०१३ मध्ये आली, तिची ६५० सीसीची बहीण २०१८ मध्ये आली. मग एखादा पोरगा मोडकी येझदी किंवा आरएक्स १०० घेऊन सहा महिने हात काळे का करतो? पैसे वाचतात म्हणून? प्रत्येक वेळी वाचतातच असं नाही. आम्हाला वाटतं, त्याला वस्तू हवी असतेच, पण तिच्याआधी तिच्याशी संबंध हवा असतो. रॉबर्ट पिर्सिगचं १९७४ चं प्रसिद्ध पुस्तक मोटारसायकलच्या देखभालीवर आहे. देखभाल म्हणजे आहे ते नीट ठेवणं. आमचा हा पोरगा त्यापेक्षा वेगळं काही करून राहिला आहे. तो मोडलेल्याला दुसरं आयुष्य देतो.

इथे तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न उभा राहतो. चाकं बदलली, टाकी बदलली, इंजिन उघडून पुन्हा बांधलं, चेसिसचं शेपूट कापलं. मग गाडी तीच का? ग्रीकांकडे थिसियसच्या जहाजाचा दाखला आहे. आपल्याकडे मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतो, महाराज, आपण रथातून आलात, तर रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? त्याचं म्हणणं, रथ हे व्यवहारापुरतं नाव आहे, सुट्या भागांपलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही. न्याय-वैशेषिक हे मानत नाहीत. त्यांच्या मते अवयवांहून अवयवी निराळा आणि खरा असतो. पण मग वस्त्रातला एक धागा काढला की जुनं वस्त्र नष्ट होऊन नवं 'खंडपट' उत्पन्न झालं, असं त्यांना म्हणावं लागतं. म्हणजे गॅरेजमधली प्रत्येक संध्याकाळ एक गाडी मारते आणि दुसरी जन्माला घालते!

आरटीओचं उत्तर तिसरंच. त्यांच्या लेखी गाडीचं स्वत्व चेसिसवर ठोकलेल्या नंबरात आणि नोंदणीच्या कागदात असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कलाकाराला हे जाचक वाटेल. पण ज्याने चेसिसला वेल्डिंग केलं, तो एकटाच त्या वेल्डिंगच्या भरवशावर जगत नाही. समोरून सायकलवर येणारी शाळकरी मुलगीही त्याच भरवशावर असते. चित्र फसलं तर कोणाचा जीव जात नाही, हा फरक समीक्षकाने विसरू नये.

आता प्रत्यक्ष रूपाकडे या. चांगल्या कॅफे रेसरमध्ये टाकीचा तळ आणि सीटचा तळ मिळून एक सरळ, आडवी रेघ होते. नजर पुढच्या चाकापासून मागच्या कुबडापर्यंत न अडखळता जाते. मर्ढेकरांनी सौंदर्यात संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे प्रकार सांगितले. त्यांच्या भाषेत बोलायचं तर दोन चाकांच्या वर्तुळांचा संवाद, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघेचा विरोध आणि पुढे इंजिनाचं वजन विरुद्ध मागे मोकळी जागा हा समतोल. इथवर मर्ढेकर उपयोगी पडतात.

पुढे मात्र पडत नाहीत. सीटखालचा तो मोकळा त्रिकोण डोळ्यांना गोड वाटतो. तो मिळवायला पोरं एअर फिल्टरची पेटी काढतात आणि कारबुरेटरला उघडा छोटा फिल्टर लावतात. त्याने हवा जास्त येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. जेट बदलून कारबुरेटर पुन्हा जुळवला नाही, तर मे महिन्यात ४५ अंशांत वर्धा रोडवर गाडी काय म्हणेल? सौंदर्यासाठी तिचा श्वास बिघडवला, असंच म्हणेल. निव्वळ संवेदनांच्या लयीवर गुण द्यायचे तर ही गाडी पास होईल. आम्ही नापास करू. यंत्राच्या सौंदर्यात त्याचं चालणं धरलेलंच असतं.

ठोकलेल्या गाडीत तर आणखी एक गोष्ट असते. पुढून मार बसला की फोर्कचे पाइप वाकतात, टी वाकते, कधी चेसिसची मानच सरकते. पाइप बदलता येतात. मान सरकली असेल तर दोन्ही चाकं एका रेषेत येत नाहीत, आणि हे रंगाखाली दिसत नाही. दोरी लावून पाहावं लागतं, जोडावरची चीर शोधावी लागते. पुट्टी भरून वर चकचकीत काळा रंग मारला की फोटो उत्तम येतो. त्या रंगाला आम्ही खोटं बोलणं म्हणतो. आपल्या आयांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. गोधडी आपले टाके लपवत नाही, टाके हीच तिची नक्षी असते. मोडलेल्यातून घडवायचं तर ही नीती हवी : कुठे मोडलं, कुठे जोडलं, विचारणाऱ्याला दाखवता आलं पाहिजे.

आता महाराष्ट्रातलाच एक मोठा दाखला. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका. १९६१ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात लढली, १९९७ मध्ये निवृत्त झाली, मग काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिचं काही पोलाद पुण्याच्या बजाजने घेतलं, वितळवलं आणि २०१६ मध्ये आणलेल्या व्ही १५ या गाडीच्या टाकीसाठी वापरलं. गंमत बघा, या गाडीच्या घाटातही कॅफे रेसरची छटा होती. आमची टीका अशी : वितळवल्यावर घाट गेला, फक्त द्रव्य उरलं. टाकीवरची खूण झाकली तर विक्रांत कुठेच दिसत नाही. आठवण वस्तूत नाही, जाहिरातीत राहते. गॅरेजातली ठोकलेली येझदी याच्या उलट असते. तिच्या इंजिनाची ठेवण पाहून जुना माणूस लांबूनच ओळखतो.

पण व्ही १५ मध्ये एक शहाणपण होतं. तिच्या मागच्या सीटवरचं कुबडासारखं झाकण काढता यायचं. झाकण लावलं की गाडी एकट्याची, काढलं की दुसऱ्याला जागा. आम्हाला हा बारकावा फार मोलाचा वाटतो. लंडनच्या पोरांना एकट्यालाच धावायचं होतं. आपल्याकडे मोटारसायकल ही घराची गाडी आहे. मागे आई बसून दवाखान्यात जाते, बायको बसून लग्नाला जाते, मित्र बसून परीक्षेला जातो. चेसिसचं शेपूट कापताना आपण लोखंडाबरोबर ही माणसंही कापून टाकतो. मूळ गाडी दोघांची होती, नवी एकाची झाली. याला निर्मिती म्हणायचं की आक्रसणं?

आमचं उत्तर कडक नाही. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या पोराला आठवड्यातून एक तास एकटं धावावंसं वाटलं, तर त्यात पाप नाही. घरात दुसरी गाडी असेल, तर ही त्याची कविता समजा. पण एकच गाडी असेल, तर कापण्याआधी मागे बसणाऱ्या माणसाला एकदा विचारा. नागसेन म्हणाला होता तसा रथ सुट्या भागांत सापडत नाही हे आम्ही मान्य करू. मात्र भागांची यादी करताना मागच्या सीटवर बसणारं माणूस त्या यादीत धरा, एवढंच आमचं मागणं आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि गाडी घेऊन आला असाल तर बाहेर आम्हाला दाखवा. हँडलखाली वाकून पाहण्याइतकी कंबर अजून शाबूत आहे.