जीनोम बदलला, की फक्त चमक?

नेट-सेटच्या तयारीत आपण सगळ्यांनी सी-व्हॅल्यू पाठ केलेली असते. प्रजात एक, म्हणजे डीएनएचा आकडाही एक, असं तेव्हा गृहीत धरतो. मग रिसर्च पेपर वाचायला लागलात की उलटंच दिसतं: उंचावरच्या झाडांचा जीनोम लहान, वेगळ्या प्रकाशातल्यांचा वेगळा. यातलं काय मानायचं? आज दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघू.

पहिलं सूर्यफुलाचं. १९९६ साली प्राइस आणि जॉन्स्टन यांनी पीएनएएसमध्ये लिहिलं, की प्रकाशाचा सूर्यफुलातल्या डीएनएच्या प्रमाणावर परिणाम होतो. दावा मोठा होता. मोजणी फ्लो सायटोमेट्रीची: पान ब्लेडने बारीक चिरायचं, केंद्रकं सुटी करायची, प्रोपिडियम आयोडाइडने रंगवायची आणि लेझरखाली किती चमकतात ते बघायचं. इथे जरा थांबा. हे यंत्र डीएनए मोजत नाही, चमक मोजतं. चमकेवरून डीएनए किती, हा अंदाज आपण लावतो.

२००० साली त्याच दोघांनी हॉडनेट यांच्यासह दाखवलं, की सूर्यफुलाच्या पानांतच ही चमक कमी करणारी संयुगं असतात. सूर्यफुलासोबत वाटाण्याचं पान चिरलं, तर वाटाण्याच्या केंद्रकांची चमकही घटली. वाटाण्याचा जीनोम तर काही बदलला नव्हता! म्हणजे वातावरणानुसार पानातली संयुगं कमीजास्त झाली, तरी आकडा हलणार आणि आपण त्याला जीनोमचा बदल म्हणणार. मला विचाराल तर दुसरा पेपर पहिल्यापेक्षा मोठा आहे. आपलंच निरीक्षण असं जाहीरपणे तपासायला हिंमत लागते.

मग सगळेच फरक खोटे का? नाही. दुसरं उदाहरण मक्याचं. २०१८ साली बिलिन्स्की, रॉस-इबारा आणि सहकाऱ्यांचा पेपर पीएलओएस जेनेटिक्समध्ये आला. अमेरिका खंडातल्या मक्याच्या पारंपरिक वाणांत आणि त्याच्या रानटी भावंडात, म्हणजे टिओसिंटेमध्ये, उंची वाढते तसा जीनोम लहान होतो, असं त्यांना आढळलं. हा पेपर मला पटतो, त्याची दोन कारणं. एक, उंचावरची वाणं एकमेकांची नातलग असल्यामुळेही सारखी दिसू शकतात. हे नातं त्यांनी हिशेबात धरलं. दोन, फक्त एकूण आकड्यावर न थांबता जीनोमचा कुठला भाग घटतो तेही बघितलं: पुनरावृत्त डीएनए, आणि त्यात गुणसूत्रांवरचे गाठीसारखे दिसणारे ‘नॉब’. चमकेच्या आकड्याला हा स्वतंत्र पुरावा झाला.

पण टीका करायला इथेही जागा आहे. लहान जीनोमच्या झाडांत पानाच्या पेशी जास्त वेगाने तयार होतात, असा पुरावा ते देतात. त्यामुळे थंड, छोट्या हंगामात फुलोरा लवकर येत असेल, असा त्यांचा तर्क. पेशींच्या वेगापासून शेतातल्या जास्त बियांपर्यंतची वाट मात्र अजून पूर्ण चालून झालेली नाही. शिवाय नॉब स्वतः साधेसुधे नाहीत. दहाव्या गुणसूत्राचं एक विशिष्ट रूप हजर असेल, तर मादी बाजूच्या अर्धसूत्री विभाजनात ते आपल्या वाट्यापेक्षा जास्त वेळा पुढच्या पिढीत जातात. म्हणून नॉबच्या प्रमाणातला प्रत्येक फरक पर्यावरणाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

हे सगळं मी एवढं का सांगतोय? पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझ्याही दोन ठिकाणच्या नमुन्यांत छान फरक दिसला होता. मी प्रेझेंटेशनची स्लाइडसुद्धा करून ठेवली. लॅबमधली एक सीनियर ताई एवढंच म्हणाली, “दोन्ही पानं एकत्र चीर आणि चालव.” फरक खरा असता तर दोन शिखरं दिसायला हवी होती. आलं एकच. स्लाइड गेली, पण थीसिस वाचला.

तेव्हा असा पेपर हातात आला, की आधी निष्कर्ष वाचू नका. पद्धतीचा भाग उघडा आणि तीन गोष्टी शोधा: प्रमाण-वनस्पती नमुन्यासोबतच चिरली होती का? दोन टोकांचे नमुने एकत्र चालवले का? झाडांचं आपसातलं नातं धरलं का? तिन्हींची उत्तरं मिळाली, की मग पर्यावरणाबद्दल बोलू.