टोबा उद्रेक आणि मानवी संख्यासंकोचाचा सिद्धान्त : दख्खनच्या पुराव्यांच्या आधारे चिकित्सा

प्रस्तावना :
सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा महाउद्रेक झाला. त्यामुळे दीर्घ ज्वालामुखीय हिवाळा येऊन मानवसंख्या काही हजारांवर आली, असा सिद्धान्त स्टॅन्ले अ‍ॅम्ब्रोझ यांनी १९९८ मध्ये मांडला. अध्यापनात तो अनेकदा सिद्ध घटनेसारखा सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीय राख व अ‍ॅश्युलियन हातकुऱ्हाडी आढळल्या. या राखेचे वय १९८० च्या दशकाअखेर सुमारे १४ लाख वर्षे, १९९५ मध्ये सुमारे ६.७ लाख वर्षे आणि १९९८ मध्ये सुमारे ७५,००० वर्षे सांगितले गेले. वाद त्यानंतरही चालू राहिला. नदीच्या गाळात राख वाहून पुन्हा साचू शकते; म्हणून राखेचे वय हे हत्यारांचे वय ठरत नाही. या कालगणनेवर मानवी संहाराचा निष्कर्ष उभारणे धाडसाचे होय.

आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे राखेच्या थराखाली व वर सारख्याच परंपरेची दगडी हत्यारे मिळाल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्य प्रदेशातील शोण खोऱ्यातील ढाबा येथील २०२० च्या अभ्यासानेही वस्तीचे सातत्य सुचविले. मात्र उलट बाजूनेही सावधगिरी हवी : हत्यारे ती घडविणाऱ्याची जात किंवा संख्या सांगत नाहीत.

जनुकीय वैविध्य कमी असण्याचे कारण एखादी आपत्तीच असते असे नाही. आफ्रिकेतून लहान लहान गट टप्प्याटप्प्याने बाहेर पडत गेले, तरी वैविध्य घटते. २०२३ च्या एका अभ्यासाने ९.३ ते ८.१३ लाख वर्षांपूर्वी प्रजननक्षम व्यक्ती सुमारे १,२८० एवढ्याच उरल्याचे अनुमान काढले. ते विवाद्य असून टोबाच्या कितीतरी आधीचे आहे. शिवाय प्रजननक्षम संख्या म्हणजे एकूण लोकसंख्या नव्हे. या दोन संकोचांची सरमिसळ टाळली पाहिजे.

समारोप :
बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, तर मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते. या नद्यांचे गाळथर प्राचीन हवामान व मानवी वावर यांची साधने ठरू शकतात. तेथे मानवी अस्थी न मिळणे म्हणजे मानव नसणे नव्हे, आणि राख मिळाली तरी तो संहाराचा पुरावा नव्हे. टोबाचा उद्रेक हे तथ्य आहे. त्यातून मानवजात कशीबशी वाचली, हे अनुमान आहे. हा भेद अध्यापनात स्पष्ट राखणे अगत्याचे आहे.