मालेगावच्या सुपरमॅनची नाडी

आमच्या फैजपूरचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते एकाच कारणासाठी. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस आले. बांबू, गवत, चटया असे खेड्यात मिळेल ते साहित्य घेऊन त्यांनी टिळकनगर उभे केले. नेहरूंची मिरवणूक सजवलेल्या बैलांच्या रथातून निघाली. गावात वाढलेल्या माणसाने ही हकिकत इतक्या वेळा ऐकलेली असते की तिच्यातला बैल दिसेनासाच होतो.

मला तो पुन्हा दिसला तो सिनेमामुळे. मालेगावच्या नासिर शेख यांच्या चित्रीकरणात उंचावरून दृश्य घ्यायचे असले की बैलगाडी उलटी करून तिचीच क्रेन करत आणि कॅमेरा पुढे न्यायचा असला की तो सायकलवर बसवत. जळगाव, धुळे ओलांडून गेले की मालेगाव. जिल्हा नाशिक, पण बोलीचा वारा आमचाच. नंदलालबाबूंनी बांबू वापरला त्याला कलेच्या पुस्तकांत ‘दृष्टी’ म्हणतात. नासिरभाईंनी बैलगाडी वापरली त्याला सगळे ‘जुगाड’ म्हणतात. हा फरक मला बरेच दिवस टोचतो आहे. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ पाहिल्यावर तो जास्तच टोचू लागला.

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद, आणि त्या सुट्टीचा मोठा सण म्हणजे सिनेमा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च हजारांत मोजण्याइतका, नट गावातलेच. गब्बरचा झाला रब्बर, बसंतीची झाली बासमती, आणि आगगाडीच्या जागी आली बस. गावाने तो डोक्यावर घेतला. पुढे त्यांनी सुपरमॅन हातात घेतला, आणि त्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा तासाभराचा माहितीपट केला. तो २००८ चा. कागतींचा चित्रपट या मंडळींच्या आयुष्यावर बेतलेला. तो सप्टेंबर २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्याकडे लागला.

चित्रपट चांगला आहे हे आधीच सांगतो. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंह आणि शशांक अरोरा या तिघांनी कुठेही गावंढळपणाचे सोंग आणलेले नाही. लेखक फरोग यांची घुसमट तर विनीत कुमारने अशी उभी केली आहे की शेजारच्या खुर्चीतला माणूस आपलाच वाटावा. शेवटाकडे माझेही डोळे भरून आले. तक्रार त्या पाण्याबद्दलच आहे.

सुपरमॅन झालेले शफीक शेख यंत्रमागावरचे कामगार. पुढे कर्करोगाने ते गेले. हे खरेच घडले आहे. पण चित्रपटाने क्रम बदलला. पडद्यावर शफीकला आजार आधी होतो, दुरावलेले मित्र त्याच्यासाठी एकत्र येतात, आणि मरणाऱ्या मित्राला एकदा नायक करायचे म्हणून सुपरमॅन बनतो. माहितीपटात असे काहीच नाही. तिथला शफीक चित्रीकरण अर्धवट टाकून स्वतःच्या लग्नाला उभा राहतो. हिरव्या कापडासमोर दांड्यावर आडवा होऊन उडतो. कॅमेरा पाण्यात पडतो, काम थांबते, सगळे डोक्याला हात लावून बसतात आणि पुन्हा सुरू करतात. सुपरमॅन का करायचा, असे त्यांना कोणी विचारत नाही. करायचा म्हणून करायचा.

पटकथेच्या सोयीसाठी क्रम बदलणे हा काही गुन्हा नाही, मोठमोठे चरित्रपट तेच करतात. पण इथे जे बदलले ते कारण. मागावर दिवसभर खपणाऱ्या माणसाने नुसत्या मौजेखातर एवढा खटाटोप केला, हे शहरी पटकथेला पुरेसे वाटले नाही. त्याच्या हसण्याला आधी मरणाचे तिकीट काढावे लागले. श्रीमंताच्या पोराने हौसेने सिनेमा काढला तर आपण कारण विचारतो का?

ही खोड एकट्या मुंबईची नाही. २००८ मध्येच मिशेल गोंद्री या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘बी काइंड रिवाइंड’ आला. अमेरिकेतल्या एका व्हिडिओ दुकानातल्या टेप पुसल्या जातात आणि दुकानातली माणसे गाजलेले सिनेमे घरच्या घरी पुन्हा बनवतात. म्हणजे नासिरभाईंनी आठ वर्षांपूर्वी केले तेच. पण तिथेही टेप पुसल्या जाव्या लागतात, दुकान पाडायला निघावे लागते. उलट युगांडात, कंपालाच्या वाकालिगा वस्तीत आयझॅक नब्वाना यांनी २०१० मध्ये ‘हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स’ काढला. अगदी किरकोळ पैशांत केलेला हाणामारीचा सिनेमा. त्यावर निवेदक सिनेमाभर ओरडून थट्टा करत असतो. तो कसलेच कारण देत नाही. तो आवाज ऐकताना मला यात्रेतला तंबू आठवला. तिथेही पडद्यापेक्षा प्रेक्षकांचेच संवाद जास्त चालायचे.

आता माझाही दोष सांगतो. आम्ही सगळे बैलगाडीबद्दल लिहितो, सायकलीबद्दल लिहितो; सिनेमात काय आहे ते राहूनच जाते. मालेगावच्या सुपरमॅनला दमा आहे. उडताना त्याला धाप लागते, कारण गावची हवाच तशी. त्याचा शत्रू जग जिंकायला निघालेला नाही. त्याला घाण आवडते, आणि घाण वाढावी म्हणून तो झटतो. मागांची धूळ आणि तुंबलेली गटारे रोज पाहणाऱ्या माणसांनी परक्या नायकाला आपल्या महानगरपालिकेच्या हद्दीत उतरवले आणि त्याची छाती भरून आणली. याला विडंबन म्हणतात. हे कुणा नामवंत नाटककाराने केले असते तर आपण त्यावर परिसंवाद घेतले असते. ‘जुगाड’ या शब्दाने ते सगळे झाकून टाकले. कौतुक हाताचे झाले, डोक्याचे झालेच नाही. कागतींच्या चित्रपटातही मित्रांच्या भांडणाला भरपूर जागा मिळते, पण हा दमेकरी विनोद कुठल्या हवेतून आला ते फारसे जाणवत नाही.

नंदलालबाबूंपाशी निवड होती. ते बांबू न घेता दुसरे काही घेऊ शकले असते, म्हणून त्यांचा बांबू विचार ठरला. नासिरभाईंपाशी क्रेन नव्हतीच, म्हणून त्यांची बैलगाडी गरज ठरली. हा युक्तिवाद मी स्वतःशी करून पाहिला. तो निम्माच पटतो. क्रेन नव्हती हे खरे, पण दमेकरी सुपरमॅन कुठल्या टंचाईतून आला? तो तर निवडलेलाच आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे केळीची गाडी भरायला दोन पोरे आली होती. ट्रक यायला उशीर होता, म्हणून ओट्यावर बसून त्यांना लॅपटॉपवर माहितीपट दाखवला. मी शेजारी बसून बैलगाडीकडे, सायकलीकडे बोट दाखवत होतो. त्यांचे तिकडे लक्षच नव्हते. सुपरमॅनच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबते आहे, एवढेच ते पाहत होते. सुपरमॅन दिसला की धाकटा म्हणायचा, “काका, थोडं मागं घ्या ना.” तीनदा मागे घेतले. चौथ्यांदा घेणार तेवढ्यात ट्रक आला.