हरणाची शिकार, लहान व्यासाची रायफल आणि स्मृतीचा पुरावा

शिकारीच्या आठवणींकडे वाङ्मयसमीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. असे लेखन एक तर तंत्रविषयक म्हणून बाजूस सारले जाते, किंवा घरगुती रम्य आठवणी म्हणून त्याचे कौतुक होते. वस्तुतः तंत्र आणि आठवण यांचा जेथे सांधा जुळतो, तेथेच या वाङ्मयातील मर्माचा प्रश्न उभा राहतो. सांगणाऱ्याची स्मृती पुरावा म्हणून कितपत ग्राह्य मानावयाची? अमेरिकेतील ॲरिझोना प्रदेशाशी निगडित असलेल्या जॅक ओ'कॉनर व आल्डो लिओपोल्ड या दोन लेखकांच्या तुलनेने हा प्रश्न स्पष्ट होतो.

ओ'कॉनर (१९०२-१९७८) हा कादंबरीकार आणि ॲरिझोना विद्यापीठातील अध्यापक. परंतु त्याची कीर्ती झाली ती 'आउटडोअर लाइफ' या मासिकातील बंदूकविषयक लेखनामुळे. १९२५ साली निघालेल्या '.२७० विंचेस्टर' या काडतुसाचा तो आग्रही पुरस्कर्ता होता. त्याच्या गोळीचा व्यास अवघा ०.२७७ इंच आणि प्रचलित वजन १३० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेआठ ग्रॅम. गोळी केवढी यापेक्षा ती कोठे लागली याला महत्त्व अधिक, हे त्याचे प्रतिपादन होय. एल्मर कीथ (१८९९-१९८४) याने जड व मोठ्या व्यासाच्या गोळीची बाजू हिरिरीने मांडली. जनावर नेहमीच सोयीच्या कोनात उभे राहत नाही, हा त्या पक्षाचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नव्हे.

ओ'कॉनरच्या भूमिकेत एक नीती गर्भित आहे. लहान गोळी वापरणाऱ्याने जवळ गेले पाहिजे, थांबले पाहिजे, आणि खात्री नसेल तर चाप ओढता कामा नये. मात्र या भूमिकेच्या समर्थनार्थ तो जे दाखले देतो, त्यांत घरच्या माणसांच्या आठवणीही येतात. पत्नी एलिनॉर हिने ७ मिलिमीटरच्या मॉझर रायफलीने केलेल्या शिकारी हे त्यांतील ठळक उदाहरण. येथे समीक्षकाने सावध झाले पाहिजे. घरी आणलेले हरीण कुटुंबाच्या स्मरणात राहते. जखमी होऊन झाडीत नाहीसे झालेले हरीण बहुधा राहत नाही. '.२२' च्या किरकोळ काडतुसाने वडीलधारे हरणे पाडीत, अशा कथा अमेरिकेतील अनेक घरांत सांगितल्या जातात. तथापि बहुतेक राज्यांच्या कायद्यांनी हरणासाठी ते काडतूस निषिद्ध ठरविले आहे. कोलोरॅडोत तर किमान व्यास ०.२४ इंच असावा लागतो. कायदा त्या न सांगितलेल्या हरणाचाही विचार करतो. हा दोष ओ'कॉनर या व्यक्तीचा नव्हे, तर कौटुंबिक आठवण या प्रकाराचा आहे.

लिओपोल्डच्या (१८८७-१९४८) 'अ सँड काउंटी अल्मनॅक' (१९४९) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा दोष ओलांडलेला दिसतो. त्यातही कुटुंब आहे. झाडावर बसलेल्या पक्ष्यावर बार टाकावयाचा नाही, उडत्या पक्ष्यावरच टाकावयाचा, ही वडिलांनी घातलेली अट तो सांगतो. परंतु ॲरिझोनातील तारुण्याची आठवण देताना हा संयम आपण पाळला, असे तो भासवीत नाही. नदी ओलांडणारे जनावर प्रथम हरिणी वाटते. ती लांडगी असल्याचे दिसताच हाती होत्या तेवढ्या गोळ्या बेभानपणे झाडल्या जातात. लांडगी पडते, आणि पाय ओढीत एक पिल्लू दरडीच्या दगडांत शिरते. लांडगे कमी झाले म्हणजे हरणे वाढतील, ही त्या वेळची समजूत पुढे चुकीची ठरली. हरणे वाढली, त्यांनी डोंगर ओरबाडला, आणि अखेर ती स्वतःच उपासमारीने मेली.

त्या पाय ओढणाऱ्या पिल्लाचा उल्लेख गाळला असता, तर लेखाचा बोध तसाच राहिला असता. पण त्याची विश्वसनीयता गेली असती. ओ'कॉनरची गद्यशैली प्रसन्न आहे, त्याचे तांत्रिक मतही बव्हंशी ग्राह्य आहे. तरीही आठवणीला पुराव्याचा दर्जा तेव्हाच प्राप्त होतो, जेव्हा ती सांगणाऱ्याच्या विरुद्धही साक्ष देते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची हौशी शिकार केवळ स्मृतिरूपाने उरली आहे. म्हणूनच आपल्याकडील शिकारकथांचा अभ्यास करतानाही हीच कसोटी लावावी लागेल.