‘पुस्तक छान आहे’ म्हणजे काय?

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे आमचे गाव. येथे काही शिक्षक आणि नववी ते बारावीचे काही विद्यार्थी मिळून आम्ही पुस्तके वाचतो. नियम एकच. पुस्तक परत करताना वहीत अभिप्राय लिहायचा. शिक्षकांनीही आणि विद्यार्थ्यांनीही. वर्षअखेरीस नव्या पुस्तकांची यादी करण्यापूर्वी ही वही आम्ही पुन्हा चाळली, तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली अशी की, बहुतेक अभिप्राय पुस्तकाविषयी काही सांगतच नव्हते. ‘पुस्तक छान आहे’, ‘बोधप्रद आहे’, ‘प्रत्येकाने वाचावे’. हे शेरे एका पुस्तकाखालून उचलून दुसऱ्याखाली चिकटवले असते तरी काही बिघडले नसते. दुसरी गोष्ट आम्हाला अधिक खजील करणारी होती. जे थोडे अभिप्राय खरोखर काही सांगत होते, त्यांतल्या एकाखाली आम्हीच लाल शाईने ‘पुस्तक पुन्हा नीट वाचावे’ असे लिहून ठेवले होते.

त्याच बैठकीत आमच्यापैकी एकाने सूचना मांडली. पैसे थोडे आहेत, मुलांना विज्ञानाची गोडी लावायची आहे, तेव्हा कथा-कादंबऱ्या आता पुरेत. यंदा फक्त माहितीची पुस्तके घ्यावीत. कथा म्हणजे कल्पना आणि माहिती म्हणजे सत्य, असा त्यामागचा हिशेब होता. सूचना ऐकायला सरळ वाटली. पण ती मान्य करण्यापूर्वी चार वाचनांवरचे अभिप्राय आम्ही तपासून पाहायचे ठरवले.

कार्व्हर आणि शेंगदाण्याचा कूट

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून मराठी शाळांतून सतत वाचले जात आहे. गुलामीत जन्मलेला एक मुलगा शिकतो, १८९६ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे शिक्षक होऊन जातो आणि कापसाने निकस झालेल्या जमिनीवर राबणाऱ्या गरीब शेतकऱ्यांसाठी आयुष्य वेचतो. कापसाच्या मुलखातल्या आम्हा वाचकांना हे चरित्र परके वाटणे शक्यच नव्हते. वहीत सर्वाधिक अभिप्राय याच पुस्तकावर होते. त्यांपैकी अनेकांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होते : ‘कार्व्हर यांनी शेंगदाण्याच्या लोण्याचा शोध लावला.’

या सर्वांच्या खाली दहावीतल्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते, ‘आमच्या घरी शेंगदाण्याचा कूट रोज होतो. तो जरा जास्त वाटला की तेल सुटून लगदा होतो. याला शोध म्हणायचे का? आणि आधी कोणी केलेच नव्हते, हे कशावरून?’ लाल शाईचा शेरा याच अभिप्रायाखाली होता. थोर माणसाविषयी असे लिहिणे आम्हाला उर्मटपणाचे वाटले होते.

आम्ही शोध घेतला तेव्हा मुलीची शंका रास्त निघाली. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तेथील जुन्या समाजांना वाटलेला शेंगदाणा ठाऊक होता. भाजलेल्या शेंगदाण्याच्या लगद्यासाठी माँट्रियलच्या मार्सेलस एडसन यांना १८८४ मध्येच अमेरिकेत पेटंट मिळाले होते, म्हणजे कार्व्हर टस्कीगीला जाण्याच्या बारा वर्षे आधी. कार्व्हर यांनी १९१६ मध्ये भुईमुगाच्या लागवडीवर व त्याच्या १०५ पाककृतींवर एक पुस्तिका काढली. या कृती कोठकोठून घेतल्या याचा उल्लेख त्यांनी स्वतःच केला होता. त्यांच्या नावावर पेटंटे आहेत ती तीन, आणि त्यांतले एकही शेंगदाण्याच्या लोण्याचे नाही. श्रेय त्यांनी मागितलेच नव्हते. ते वाचणाऱ्यांनी आणि सांगणाऱ्यांनी त्यांच्या पदरात टाकले, आणि त्या सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.

मग कार्व्हर लहान झाले काय? मुळीच नाही. त्यांचे खरे काम आपल्या शिवारातच तपासता येते. तुरीचे, सोयाबीनचे किंवा भुईमुगाचे रोप फुलोऱ्याच्या सुमारास ओल्या जमिनीतून अलगद उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी दिसली, तर तिच्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात आणत आहेत, असे समजावे. कापसाच्या मुळांवर अशा गाठी नसतात. कापसाच्या पाठीवर कापूस न घेता मध्ये शेंगवर्गीय पीक घ्या, हा कार्व्हर यांचा आग्रह होता आणि त्याचे कारण या गाठीत आहे. विश्वामित्राने नवी सृष्टी निर्माण करावी तसा त्यांनी चमत्कार केला नाही. ठाऊक असलेले विज्ञान ज्यांना ते कोणी सांगत नव्हते, त्यांच्या बांधावर नेऊन पोहोचवले. आमच्या मते हे मोठेपण लोण्याच्या शोधाहून अधिक आहे. पण ते आमच्या ध्यानात आले एका मुलीच्या ‘कशावरून?’मुळे.

वानरांची गोष्ट की राजकारणाची?

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘सत्तांतर’ ही छोटी कादंबरी १९८२ ची. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्या, त्यांच्या हद्दी, टोळीप्रमुखावर बाहेरून आलेल्या नराचा हल्ला आणि त्यानंतर पिल्लांवर ओढवणारे मरण, हा तिचा विषय. आमच्यापैकी बहुतेक शिक्षकांनी तिच्यावर ‘आजच्या राजकारणावरील रूपक’ असा अभिप्राय दिला होता. एका विद्यार्थ्याने मात्र लिहिले, ‘हे रूपक नसावे. आमच्या मळ्यातली वानरे अशीच भांडतात. पिल्ले मारतात का, ते मी पाहिलेले नाही. हे खरे असते का?’

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलेला होता. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी धारवाडच्या परिसरात वानरांचे निरीक्षण करताना, टोळी जिंकणारा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो, अशी नोंद केली. अनेकांना तो गर्दीमुळे आलेला विकार वाटला. सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावरील वानरे पाहून १९७७ च्या आपल्या पुस्तकात वेगळे स्पष्टीकरण दिले. अंगावर पिल्लू असलेली मादी लवकर पुन्हा गाभण राहत नाही. पिल्लू गेले की ती लवकर माजावर येते. नव्या नराची सत्ता किती काळ टिकेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे अशा नराची संतती अधिक उरते आणि ती वर्तणूकही टिकते. यावर बरीच वर्षे वाद झाला. पुढे नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या डीएनएची तपासणी झाली. हल्लेखोर नर हे मारलेल्या पिल्लांचे बाप नव्हते, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसून आले.

म्हणजे ज्या पुस्तकाला आम्ही ‘काल्पनिक’ म्हणून बाजूला सारणार होतो, त्यात प्राणिवर्तनशास्त्रातला एक मोठा प्रश्न नीट पाहून लिहिलेला होता. येथे एक सावधगिरी मात्र हवी. कादंबरी हा पुरावा नव्हे. वानराच्या मनात काय चालले आहे हे लेखक लिहितो, तेव्हा तो माणसाच्या मनावरून लिहीत असतो. कोठे पाहायचे हे कादंबरी सांगते; दिसले ते खरे की नाही, हे निरीक्षणानेच ठरवावे लागते.

धूमकेतू आणि लोणार

डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. त्यानंतर आमच्या गटात त्यांच्या कथांचे पुन्हा वाचन झाले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती, ही गोष्ट मुलांना फार आवडली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता! त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीच्या वाटेवर आलेला धूमकेतू अण्वस्त्राच्या स्फोटाने बाजूला सारला जातो. इकडे घरात मात्र संकट टळावे म्हणून यज्ञ होतो, आणि श्रेय त्यालाच दिले जाते.

यावर एका शिक्षकाचा अभिप्राय होता, ‘मनोरंजक, पण अशक्य कोटीतील. मुलांना खोटे का सांगावे?’ ही शंका आम्ही गांभीर्याने घेतली. २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘नासा’चे ‘डार्ट’ हे यान सुमारे १६० मीटर रुंदीच्या डायमॉर्फस या लघुग्रहावर सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने मुद्दाम आदळवण्यात आले. हा लघुग्रह डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी करत असे. टक्करीनंतर फेरीला अर्ध्या तासाहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ३२ मिनिटे, कमी वेळ लागू लागला. तेथे अण्वस्त्र नव्हते, नुसता धक्का होता. आणि तो धूमकेतू नव्हता, लघुग्रह होता. पण आकाशातल्या वस्तूची वाट माणूस बदलू शकतो, एवढे सिद्ध झाले.

कथेचा दुसरा भाग तर आमच्या उंबऱ्याजवळच आहे. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. विष्णूने लवणासुराला मारले तेथे ते झाले, ही कथा आपण ऐकलेली असते. अशनी आदळून ते झाले, हे त्या आघातात तयार झालेल्या काचेसारख्या पदार्थांवरून सिद्ध झालेले आहे. मुले दोन्ही गोष्टी ऐकतात. त्यांतली कोणती, कशाच्या आधारावर मानायची, हा नारळीकरांच्या कथेतलाच प्रश्न.

लोणारने आम्हाला आणखी एक धडा दिला. आमच्याजवळच्या एका माहितीच्या पुस्तकात विवराचे वय सुमारे ५० हजार वर्षे दिलेले आहे. ते पुस्तक लिहिले गेले तेव्हा ते बरोबरच होते. पण २०११ मध्ये अरगॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या पद्धतीने केलेली मोजणी प्रसिद्ध झाली आणि वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. तेव्हा ‘माहिती म्हणजे सत्य’ हा आमचा हिशेब येथेही कच्चा ठरला. माहितीच्या पुस्तकात सर्वांत आधी पाहायचे ते त्याच्या प्रकाशनाचे वर्ष!

बनगरवाडीचे मास्तर

चौथे पुस्तक पुन्हा माडगूळकरांचेच, १९५५ ची ‘बनगरवाडी’. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर जातो, ओस पडलेली शाळा भरवतो, आणि शेवटी दुष्काळामुळे वाडीच ओस पडते. विद्यार्थ्यांना ती ‘संथ’ वाटली आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले, याचा आम्हाला आनंदच झाला. आमच्यातल्या एका शिक्षकाने मात्र एवढेच लिहिले होते, ‘दिवाळीनंतर माझ्या वर्गातही पाच बाके रिकामी होतात. आजवर मी त्यांना गैरहजर म्हणत होतो.’ हा अभिप्राय वाचल्यावर बैठकीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही. पट, हजेरी, गळती यांच्या तक्त्यांनी जे दाखवले नव्हते, ते एका कादंबरीने त्या शिक्षकाला त्याच्याच वर्गात दाखवले होते.

मग यादीचे काय?

कथा-कादंबऱ्या वगळण्याची सूचना आम्ही मागे घेतली. ज्यांनी ती मांडली त्यांनीच आधी. कपाटावरील ‘काल्पनिक’ आणि ‘माहितीपर’ या चिठ्ठ्या पुस्तक शोधायला उपयोगी आहेत, विश्वास ठेवायला नाहीत. चरित्राभोवती दंतकथा जमते, कादंबरीत निरीक्षण असू शकते, माहिती जुनी होते आणि कल्पना कधी खरी ठरते. याचा अर्थ सगळी पुस्तके सारखीच, असा नव्हे. याचा अर्थ इतकाच की, पारख चिठ्ठीवर सोपवता येत नाही. ती वाचणाऱ्यानेच करायची असते.

यंदापासून वहीच्या पहिल्या पानावर आम्ही तीन प्रश्न लिहिले आहेत. या पुस्तकामुळे आपल्या परिसरात पूर्वी न दिसलेले काय दिसले? यातली कोणती गोष्ट तुम्ही स्वतः पडताळून पाहिली, आणि कशी? कोणते विधान तुम्हाला पटले नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोरे ठेवायचे नाही, असा नियम आहे. शिक्षकमित्रांनी आपल्या शाळेत हा प्रयोग करून पाहावा. अभिप्राय कमी येतील, उशिराही येतील. पण ते त्या पुस्तकाचेच असतील.

राहता राहिला लाल शाईचा शेरा. तो खोडून टाकावा असे काहींचे मत पडले. पण आम्ही तो तसाच ठेवला आहे. त्याच्याखाली आम्ही लिहिले, ‘पुस्तक आम्ही पुन्हा वाचले. शंका बरोबर होती.’ आणि त्यापुढे सर्व शिक्षकांनी सह्या केल्या.