सोळा शाळांपासून हजार शाळांपर्यंत, आणि त्यानंतर

वंचित मुलांच्या शिक्षणासाठी स्वयंसेवी संस्थांनी एकत्र यावे, हे सगळ्यांनाच मान्य असते. पण एकत्र येऊन कोणी काय द्यायचे आणि कोणी काय सोडायचे, याची चर्चा फारशी होत नाही. या दृष्टीने होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाकडे पुन्हा एकदा पाहणे आम्हांला उपयोगाचे वाटते.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडी भागातील किशोर भारती या दोन संस्थांनी हे काम सुरू केले. सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या १६ ग्रामीण शाळांत विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवण्याची परवानगी राज्य सरकारने दिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकही सामील झाले. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व शाळांत पोहोचला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो सांभाळला आणि शाळांची संख्या हजारच्या घरात गेली.

या सहकार्याची खरी कसोटी म्हणजे त्यातून तयार झालेली ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके. ती उत्तरे देत नाहीत. प्रयोग करायला सांगतात आणि प्रश्न विचारतात. फूल उघडून पाहायला सुई नसेल तर बाभळीचा काटा चालतो. यामुळे पैसे वाचतातच. शिवाय विज्ञान आपल्या गावातल्या वस्तूंनीही करता येते, हे मुलाला कळते. परीक्षेत पुस्तक व वही जवळ ठेवण्याची मुभा होती आणि प्रयोगांचीही परीक्षा होत असे. अध्याय वर्गात वापरून पाहिले जात. दरमहा भरणाऱ्या बैठकांत शिक्षक त्यांतल्या अडचणी मांडत आणि त्यानुसार दुरुस्त्या होत. शास्त्रज्ञाने लिहिलेला मजकूर खेड्यातल्या शिक्षकाच्या सांगण्यावरून बदलतो, ही गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता उणिवा पाहू. पहिली, आठवीपर्यंत स्वतः शोधत शिकलेले मूल नववीत गेले की पुन्हा पाठांतराच्या अभ्यासक्रमात येई. पुढच्या वर्गांचा विचार या सहकार्यात अपुरा राहिला. दुसरी, पालक बव्हंशी बाहेरच राहिले. ‘प्रयोग ठीक आहेत, पण बोर्डात गुण मिळतील का?’ ही त्यांची शंका रास्त होती. तिला पटेल असे उत्तर गावोगावी पोहोचले नाही. तिसरी उणीव सर्वांत गंभीर. संस्था, शास्त्रज्ञ आणि शिक्षक यांनी ३० वर्षे काम केले, पण अंतिम निर्णय शासनाच्याच हाती होता. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो थांबवू नका असे म्हणणारे लोक होते, परंतु निर्णय फिरवण्याइतके बळ त्यांच्याकडे नव्हते.

म्हणून हा कार्यक्रम फसला असे म्हणायचे का? आम्हांला तसे वाटत नाही. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या बनवण्याची युक्ती अरविंद गुप्ता यांना १९७८ मध्ये याच कार्यक्रमात काम करताना सुचली आणि ती आज कितीतरी वर्गांत वापरली जाते. शासनाचा आदेश शिक्षकाच्या हातात आलेली अशी पद्धत काढून घेऊ शकत नाही.

आज आपल्या शाळेतही एखादी संस्था प्रयोगसाहित्य घेऊन येते, दुसरी चाचणी घेऊन येते, तिसरी वाचनाची पुस्तके देते. पुष्कळदा त्यांची आपसांत गाठही पडत नाही आणि सगळ्यांच्या नोंदवह्या भरण्याचे काम एकाच शिक्षकाकडे येते. अशा वेळी आपण तीन गोष्टी विचारायला हव्यात. साहित्यात बदल सुचवण्याचा अधिकार आम्हांला आहे का? मुलांच्या पालकांना यात स्थान आहे का? आणि ही मुले पुढच्या वर्गात गेल्यावर त्यांचे काय? होशंगाबादच्या अनुभवाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले दिले. उरलेल्या दोघांची उत्तरे आपल्याला अजून शोधायची आहेत.